चार, सहा आणि तेरा: वक्राचा सिंग्युलर बिंदू हाताने कसा मोजावा

बैजिक भूमितीचं पुस्तक उघडलं की आधी शीफ भेटतात, मग स्कीम भेटतात, आणि वक्र भेटेपर्यंत निम्मी मंडळी गळालेली असतात. या विषयात एक खिडकी मात्र अशी आहे की तिथून आत डोकावायला शाळेतलं बीजगणित, आलेख कागद आणि चिकाटी एवढं पुरतं. समतलातल्या वक्राचा एक बिघडलेला बिंदू घ्यायचा आणि त्याच्यामागे दडलेल्या पूर्णांकांचा हिशेब मांडायचा. हा लेख त्या हिशेबाचा आहे. सिद्धता इथे नाहीत, कृती आहे. वही घेऊन बसा, नुसतं वाचून हे अंगवळणी पडत नाही.

खुणा आधी ठरवून घेऊ. क्ष आणि य हे नेहमीचे चल, ट हा प्राचल, आणि घात ^ या चिन्हाने दाखवतो. सगळं काम मूळबिंदूपाशी आणि संमिश्र संख्यांवर चालेल. सिंग्युलर बिंदू म्हणजे वक्राच्या समीकरणाची क्ष आणि य या दोन्हींच्या सापेक्ष आंशिक विकलजं जिथे शून्य होतात तो बिंदू, म्हणजे जिथे स्पर्शिका नीट ठरत नाही.

पायरी १: सुट्ट्या पैशांपासून सुरुवात करा

खिशात फक्त २ आणि ५ रुपयांची नाणी आहेत, हवी तेवढी. समोरचा सुटे परत देणार नाही. कोणती रक्कम देता येणार नाही? १ आणि ३. बाकी सगळ्या जमतात: ४, ५, ६, ७ आणि पुढे कितीही. जमणाऱ्या रकमांच्या संचाला (० धरून) सेमिग्रुप म्हणतात. परिभाषेत ‘अर्धगट’ म्हणता येईल, पण वर्गात तसं कुणी म्हणताना मी ऐकलेलं नाही. न जमणाऱ्या रकमांना मी खाडे म्हणतो, दूधवाल्याच्या कॅलेंडरवर असतात तसे.

आता य^२ = क्ष^५ हा वक्र घ्या. क्ष = ट^२, य = ट^५ लिहिलं की समीकरण आपोआप पाळलं जातं. क्ष आणि य यांची कुठलीही बहुपदी (किंवा घातमालिका) घेऊन तिच्यात ही मूल्यं घाला आणि ट चा सर्वांत लहान घात बघा. कुठकुठले घात मिळू शकतात? नाण्यांनी जमणाऱ्या रकमा, त्याच. ट^१ आणि ट^३ कधीच आघाडीला येत नाहीत. वक्र बिघडलेला नसता तर ट स्वतःच हाती लागला असता आणि एकही खाडा पडला नसता. म्हणजे खाड्यांची संख्या हे बिघाडाचं माप झालं. तिला डेल्टा म्हणतात, आणि इथे ती २ आहे.

अ आणि ब सहमूळ असतील (म्हणजे त्यांचा मसावि १ असेल) तर य^अ = क्ष^ब साठी खाडे (अ−१)(ब−१)/२ इतके, आणि सर्वांत मोठा खाडा अब−अ−ब. १९व्या शतकात सिल्व्हेस्टरने सोडवलेलं नाण्यांचं कोडं ते हेच. २ आणि ५ घालून पडताळून पाहा, मग ३ आणि ४ घाला. ३ आणि ४ चे खाडे १, २, ५ आले पाहिजेत. ते वहीत राहू द्या, शेवटच्या पायरीत लागतील.

पायरी २: आलेख कागदावर न्यूटनचा बहुभुज

सगळेच वक्र य^अ = क्ष^ब इतके सरळ नसतात. या लेखभर आपण एकच उदाहरण पिळून काढणार आहोत:

(य^२ − क्ष^३)^२ − ४क्ष^५य − क्ष^७ = ०

कंस सोडवला की पदं येतात य^४, क्ष^३य^२, क्ष^६, क्ष^५य, क्ष^७. प्रत्येक पदासाठी कागदावर एक ठिपका द्या: आडवा क्ष चा घात, उभा य चा घात. ठिपके (०,४), (३,२), (६,०), (५,१), (७,०). आता मूळबिंदूच्या बाजूने या ठिपक्यांवर एक दोरी ताणून बसवा. दोरी (०,४) पासून (६,०) पर्यंत सरळ जाते, (३,२) तिच्यावर बसतो आणि उरलेले दोन पलीकडे राहतात. हा न्यूटनचा बहुभुज. ऑक्टोबर १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव ओल्डेनबर्ग यांच्या हाती लायब्निट्झसाठी पाठवलेल्या पत्रात न्यूटनने ही युक्ती समजावली होती. १८५० मध्ये प्युझोने तिला संमिश्र चलांच्या चौकटीत पक्कं बसवलं.

दोरीचा उतार पाहा: उंची ४, लांबी ६. म्हणजे य हा साधारण क्ष^(४/६) सारखा वागेल असं घाईत लिहिलं जातं, आणि ते उलटं आहे. य^४ आणि क्ष^६ यांनी एकमेकांना तोलायचं आहे, म्हणून य हा क्ष^(६/४), म्हणजे क्ष^(३/२) सारखा वागतो. उतार उलटा वाचणं ही या पायरीवरची नेहमीची चूक. कुठलं पद कुणाला तोलतंय हे दर वेळी लिहूनच काढा.

पायरी ३: एक पाऊल आणखी

दोरीवरच्या पदांचा गट (य^२ − क्ष^३)^२ हा पूर्ण वर्ग आहे. एकच मूळ दोनदा येतं, तेव्हा पहिल्या अंदाजावर काम थांबत नाही. क्ष = ट^४ घ्या आणि य = ट^६ नंतर पुढचं पद शोधा. उत्तर असं निघतं:

क्ष = ट^४, य = ट^६ + ट^७

पडताळा सोपा आहे आणि तो स्वतः कराच. य^२ − क्ष^३ = २ट^१३ + ट^१४. याचा वर्ग ४ट^२६ + ४ट^२७ + ट^२८. तिकडे ४क्ष^५य = ४ट^२६ + ४ट^२७ आणि क्ष^७ = ट^२८. सगळं काटेकोर कटतं.

इथे दोन सापळे आहेत. पहिला: नुसतं (ट^४, ट^६) लिहून थांबलात तर तो आपला वक्र नव्हे. ४ आणि ६ चा मसावि २ आहे, म्हणून तो य^२ = क्ष^३ हाच वक्र दोनदा गिरवलेला. मसावि १ वर उतरेपर्यंत पदं काढत जायचं. दुसरा: मधलं प्रत्येक पद महत्त्वाचं नसतं. (ट^४, ट^६ + ट^८ + ट^९) यातल्या ट^८ ने काही बिघडत नाही, कारण ८ ला तोवरचा मसावि २ भागतो. मसावि खाली खेचणारे घात तेवढे वेचायचे. आपल्या उदाहरणात ते ४, ६ आणि ७.

पायरी ४: तेरा कुठून आला

आता सेमिग्रुप काढा. क्ष मुळे ४ मिळाला, य मुळे ६. तिसरा जनक, म्हणजे बाकीच्या रकमा ज्यांपासून बनतात त्यांतलं तिसरं मूळ नाणं, कोणता? मी पहिल्यांदा बेधडक ७ लिहिला होता, समोर ट^७ दिसतोच आहे म्हणून. पण ७ मिळवून दाखवा बघू! ट^७ च्या पुढे ट^६ उभा आहे, आणि त्याला हटवायला क्ष च्या घातांत ट^६ कुठेच नाही. ट^६ चा वर्ग झाला की मात्र तो क्ष^३ शी कटतो, आणि मागे उरतो २ट^१३. म्हणून तिसरा जनक १३, आणि सेमिग्रुप ४, ६, १३ यांनी बनलेला.

थेट सूत्र हवं असेल तर: ४ ला मसावि २ ने भागून आलेले २, गुणिले ६, अधिक (७ − ६). १२ + १ = १३. पण सूत्रापेक्षा य^२ − क्ष^३ ही कृती लक्षात ठेवा, कारण गंमत तिच्यात आहे. आपलं समीकरण य मधली चौथ्या घाताची बहुपदी आहे. तिचं वर्गमूळ काढायचा प्रयत्न करा, शाळेत पूर्ण वर्ग करतो तसा, बाकी य मध्ये शक्य तितकी लहान राहील असं. वर्गमूळ येतं य^२ − क्ष^३ आणि बाकी −४क्ष^५य − क्ष^७. या वर्गमुळाला अप्रॉक्झिमेट रूट म्हणतात, आणि सेमिग्रुपचा पुढचा जनक तेच देतं.

ही कल्पना श्रीराम अभ्यंकर आणि त्यांचे सहकारी मोह यांनी १९७३ मध्ये मांडली. अभ्यंकर जन्माने उज्जैनचे (१९३०), शिक्षण मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, पीएच.डी. हार्वर्डला झारिस्कींकडे, आणि पुढे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक. पुण्याची भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था त्यांनी १९७६ मध्ये उभी केली. शालेय बीजगणितावरचं त्यांचं प्रेम प्रसिद्ध आहे, आणि इथे तर त्याचा रोकडा पुरावाच मिळतो. याच हत्याराने १९७५ मध्ये अभ्यंकर आणि मोह यांनी दाखवून दिलं की रेषा समतलात बहुपदींनी विनादोष बसवली असेल, तर त्या दोन बहुपदींपैकी एकीच्या घाताने दुसरीच्या घाताला पूर्ण भाग जातो (हे संमिश्र संख्यांवर). विधान वाचायला दोन ओळी लागतात, पण त्यावर आधी चुकीच्या सिद्धता होऊन गेल्या होत्या.

पायरी ५: खाडे मोजा आणि घडी घाला

४, ६, १३ ही नाणी घेऊन यादी करा. जमतात: ०, ४, ६, ८, १०, १२, १३, १४, १६, १७, १८, १९. शेवटच्या चार संख्या सलग आल्या, म्हणजे पुढे ४ मिळवत गेलं की सगळ्याच जमतात. खाडे: १, २, ३, ५, ७, ९, ११, १५. एकूण ८. डेल्टा = ८.

चूक झाली का हे बघायला एक घरगुती उपाय आहे. ० ते १५ ही पट्टी मधोमध दुमडा: ० समोर १५, ४ समोर ११, ६ समोर ९, ८ समोर ७, असं. प्रत्येक जोडीत एक हजर आणि एक खाडा आलाच पाहिजे. समतलातल्या एका फांदीच्या वक्रासाठी (म्हणजे बिंदूपाशी ट च्या एकाच जोडीने पुरता लिहिता येतो अशा वक्रासाठी) ही सममिती कायम असते. जोडी बिनसली तर यादीत घोळ आहे, पुढे जाऊ नका.

पायरी ६: मिल्नर संख्या, आणि १५ का चालत नाही

मिल्नर संख्या, म्यू, हे बिघाडाचं दुसरं माप. बिंदूपाशी वक्राला किती फांद्या आहेत ती संख्या र धरली, तर म्यू = २ × डेल्टा − र + १. हे सूत्र मिल्नरच्या १९६८ च्या पुस्तकातलं. आपल्या वक्राला एकच फांदी, म्हणून म्यू = १६.

आता पायरी २ मधला कागद परत काढा. कुश्निरेन्कोचं १९७६ चं सूत्र सांगतं: दोरी आणि अक्ष यांच्यात सापडलेल्या क्षेत्रफळाची दुप्पट, वजा अक्षांवरच्या दोन लांबी, अधिक १. त्रिकोणाचं क्षेत्रफळ १२. २४ − ६ − ४ + १ = १५.

सोळा की पंधरा? नवख्याने इथे घाबरू नये, उलट खूश व्हावं, कारण चूक स्वतःहून बोलायला लागली आहे. एका फांदीच्या वक्राची म्यू डेल्टाच्या दुप्पट असते, म्हणजे सम. १५ विषम, तेव्हा ती खरी असूच शकत नाही. कुश्निरेन्कोच्या सूत्राला एक अट आहे: दोरीवरच्या पदांत पुनरावृत्त मूळ नको. आपल्याकडे तर चक्क पूर्ण वर्ग बसला होता. अशा वेळी बहुभुज फक्त खालची मर्यादा देतो. तो पहिल्या मसाविपर्यंतचं पाहतो, १३ त्याला दिसत नाही. य^२ = क्ष^५ वर मात्र सूत्र चोख चालतं: १० − ५ − २ + १ = ४, आणि २ × डेल्टाही ४.

पायरी ७: ब्लो-अप आणि झाड

ही पायरी वेळखाऊ आहे, पण मला सर्वांत आवडते. ब्लो-अप म्हणजे बिघडलेल्या बिंदूच्या जागी एक अख्खी रेषा बसवणं, म्हणजे त्या बिंदूतून निघणाऱ्या प्रत्येक दिशेला स्वतःची जागा मिळते. प्राचलात ती कृती म्हणजे साधा भागाकार: मोठ्या घाताच्या मालिकेला लहान घाताच्या मालिकेने भागा, स्थिर पद उरलं तर ते वजा करा, पुन्हा तेच.

(ट^४, ट^६ + ट^७): लहान घात ४. भागून (ट^४, ट^२ + ट^३): लहान घात २. पुन्हा भागून (ट^२ − ट^३ + …, ट^२ + ट^३): परत २. पुढच्या भागाकारात १ हे स्थिर पद उरतं, ते काढलं की घात १. तीन ब्लो-अपनंतर वक्र गुळगुळीत झाला, पण नव्या रेषांना नीट आडवा छेदावा म्हणून आणखी दोन ब्लो-अप लागतात. क्रम आला ४, २, २, १, १. लगेच पडताळा: प्रत्येक म साठी म(म−१)/२ ची बेरीज करा. ६ + १ + १ = ८. डेल्टा परत तोच.

पाच ब्लो-अप, म्हणजे पाच नव्या रेषा. प्रत्येक रेषेसाठी एक ठिपका, दोन रेषा छेदत असतील तर ठिपक्यांमध्ये कांडी. झाड असं दिसतं: तिसरा ठिपका पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्याला जोडलेला, पाचवा शिवाय चौथ्याला जोडलेला, आणि मूळ वक्राचा बाण पाचव्यावर.

आता प्रत्येक ठिपक्यावर वजन लिहा. नियम असा: नवी रेषा ज्या बिंदूतून उगवली, त्या बिंदूतून जाणाऱ्या आधीच्या रेषांची वजनं अधिक त्या पायरीचा घात. पहिला ४. दुसरा ४ + २ = ६. तिसरा पहिल्या दोघींच्या छेदावर, म्हणून ४ + ६ + २ = १२. चौथा १२ + १ = १३. पाचवा १२ + १३ + १ = २६.

झाडाची टोकं बघा, म्हणजे एकच कांडी असलेले ठिपके: पहिला, दुसरा, चौथा. वजनं ४, ६, १३. सेमिग्रुपचे जनक झाडाच्या टोकांवर लटकलेले आहेत! पहिल्यांदा हे हाताने काढून पाहिलं तेव्हा मी वही बंद करून चहा करायला उठलो होतो.

झाडावरून म्यूही मिळते. टोकांची वजनं अधिक, तिवाट्यांची (बाण ही एक वाट धरून) वजा: ४ + ६ + १३ − १२ − २६ = −१५. एक वजा ही बेरीज, म्हणजे १६. नॉर्बर्ट अ’कॅम्पो यांच्या १९७५ च्या सूत्राचा हा अगदी छोटा अवतार. तीन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की मगच त्यावर विश्वास ठेवा. मी अजूनही तसंच करतो.

दोन फांद्या असतील तर

थोडक्यात सांगतो. प्रत्येक फांदीचा डेल्टा वेगळा काढा आणि त्यात त्या दोघींच्या छेदाची संख्या मिळवा. य^२ = क्ष^४ मध्ये य = क्ष^२ आणि य = −क्ष^२ अशा दोन निर्दोष फांद्या आहेत, त्या मूळबिंदूपाशी एकमेकींना स्पर्शतात, म्हणून तो छेद दोनदा मोजला जातो. डेल्टा ०+०+२ = २, म्यू = ४ − २ + १ = ३. बहुभुजावरूनही ३ येतात का ते बघा.

गाठीबद्दल एक परिच्छेद

संमिश्र समतलात सिंग्युलर बिंदूभोवती लहानसा गोल घेतला तर वक्र त्या गोलाला एका गाठीत छेदतो. य^२ = क्ष^३ साठी ती साधी तीन पाकळ्यांची ट्रेफॉइल गाठ. आपल्या वक्रासाठी ट्रेफॉइलच्या दोरीभोवती दुसरी दोरी गुंडाळलेली, आणि त्या पिळाचे आकडे २ आणि १३. या सगळ्या गाठी अशा एकावर एक गुंडाळलेल्या असतात हे ब्राऊनरने १९२८ मध्ये दाखवलं. एका फांदीसाठी सेमिग्रुप माहीत असला की गाठ ठरते आणि गाठीवरून सेमिग्रुप. य^२ = क्ष^३ वर हे हाताने अनुभवता येतं: जमणाऱ्या घातांची मालिका १ + ट^२ + ट^३ + … हिला (१ − ट) ने गुणा. १ − ट + ट^२ उरतं, आणि ट्रेफॉइलचं अलेक्झांडर बहुपद (गाठींमधला फरक ओळखायला वापरतात ते बहुपद) हेच आहे.

यंत्र कधी वापरावं

कायझरस्लाउटर्नमध्ये तयार झालेली ‘सिंग्युलर’ ही मोफत संगणकप्रणाली हे सगळे आकडे क्षणात देते. पण किमान तीन उदाहरणं हाताने केल्याशिवाय तिच्याकडे जाऊ नका. यंत्र १३ देईल, पण ७ का नाही ते सांगणार नाही. आणि सांत क्षेत्रांवर (जिथे संख्या मोजक्याच असतात) काम करायचं ठरलं तर सावध राहा, तिथे अपूर्णांकी घातांच्या मालिका कधीकधी दगा देतात आणि पायरी ७ चा भागाकारच कामी येतो.

पायरी ८: पुढची मोजणी

खाडे काढून झाले की एक खेळ खेळा. खाड्यांपैकी काही निवडायचे, अट एकच: एखादा निवडला की त्यात नाणी मिळवून जे खाडे येतात तेही निवडायलाच हवेत. किती प्रकारे निवडता येईल?

२ आणि ३ साठी खाडा फक्त १. निवडा किंवा सोडा: २ प्रकार. २ आणि ५ साठी खाडे १ आणि ३, आणि १ घेतला की ३ येतोच: काहीच नाही, फक्त ३, किंवा दोन्ही, असे ३ प्रकार. ३ आणि ४ साठी खाडे १, २, ५. १ घेतला की १ + ४ मुळे ५ येतो, २ घेतला की २ + ३ मुळे ५ येतो. मोजा: ५ प्रकार. १, २, ५ नंतर १४ येणारी कॅटलानची माळ ज्यांना माहीत आहे त्यांचे कान इथे टवकारतील. अ आणि ब सहमूळ असतील तर उत्तर नेहमी (अ+ब) पैकी अ निवडण्याचे प्रकार भागिले (अ+ब), आणि अ × ब च्या चौकटीत कर्ण न ओलांडता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या वाटाही तेवढ्याच. भूमितीत ही संख्या य^अ = क्ष^ब च्या कॉम्पॅक्टिफाइड जेकोबियन नावाच्या अवकाशाची ऑयलर संख्या म्हणून भेटते, पण तिथवर जायला वर्ष-दोन वर्षं द्यावी लागतात.

घरचा अभ्यास दोन गणितांचा. पहिलं: (ट^४, ट^६ + ट^९). जनक ४, ६, १५ यायला हवेत, खाडे ९, ब्लो-अपचा क्रम ४, २, २, २, १, १. झाड काढून टोकांवरची वजनं तपासा. दुसरं: ३ आणि ५ ची नाणी. खाडे १, २, ४, ७, आणि निवडीचे प्रकार ७. सहाच भरले तर २ आणि ४ एकत्र घ्यायला विसरला आहात.